जुन्या मोटारीचा विजेचा साज

मोटार बिघडली म्हणजे आपण बहुधा तिचें झांकण उघडून इंजिनाकडे पाहतों. टायर कसे आहेत, ब्रेक धरतात कीं नाहीं, तेल किती खाते, अशी विचारपूस करणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात, परंतु "गाडीच्या तारा किती वर्षांच्या झाल्या?" असें विचारणारा कोणी माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं. मींही तें कधीं विचारलें नव्हतें. समुद्रपूरच्या वाटेवर एके संध्याकाळीं माझ्याच गाडीनें मला हा प्रश्न विचारला, आणि तो धुराच्या भाषेंत विचारला. त्याचें उत्तर शोधण्यांत माझा एक उन्हाळा गेला. ती हकीकत आणि तिच्या अनुषंगानें कळलेल्या चार गोष्टी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

माझे काका वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर या तालुक्याच्या गांवीं डॉक्टर होते. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता जामच्या चौरस्त्यावरून जातो. तेथून समुद्रपूर अगदीं जवळ. पावसाळ्यांत काळ्या मातीचा गुडघाभर चिखल, उन्हाळ्यांत तीच माती भेगाळलेली आणि डोक्यावर पंचेचाळीस अंशांचें ऊन, अशा मुलखांत त्यांनीं १९६८ सालची एक अँबॅसॅडर, 'मार्क टू' म्हणतात ती, कित्येक वर्षें चालविली. गिरडच्या बाजूच्या खेड्यांतून बाळंतिणीसाठीं बोलावणें आलें कीं रात्रीं-अपरात्रीं तीच गाडी निघे. काका गेल्यावर ती वाड्यांतील बंडीच्या कोठ्यांत उभी राहिली. एका अंगाला तुराट्यांचे भारे, दुसऱ्या अंगाला मोडकी बंडी. पुढें मला हौस आली. मीं इंजिन खोलून घेतलें, रंग दिला, गाद्या शिवून घेतल्या, आणि समोरचे जुने दिवे काढून त्यांच्या जागीं शंभर वॅटचे झगझगीत हॅलोजन दिवे बसविले. तारांकडे मात्र कोणीं पाहिलें नाहीं. त्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, एवढाच त्यांचा अपराध.

त्या संध्याकाळीं मी आणि माझी ऐंशी वर्षांची आत्या नागपूरहून येत होतों. दिवे लावून अर्धा तास झाला असेल. जामला वळून आम्ही समुद्रपूरच्या रस्त्याला लागलों होतों. प्रथम कांहीं तरी करपल्याचा वास आला. मग डॅशबोर्डाच्या खालून निळसर धूर निघूं लागला आणि दिवे एकाएकीं मंदावले. मीं गाडी कडेला घेतली, दिव्यांचें बटण बंद केलें, किल्ली काढली. दिवे गेले; धूर मात्र थांबेना! आत्याला हाताला धरून आधीं खालीं उतरविलें. बॅटरीची तार सोडवावी तर पाना मागच्या डिकींत, सामानाच्या तळाशीं. मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानें खालीं उडी टाकली, आपल्या पेटींतील पक्कड आणून बॅटरीची तार ओढून काढली, तेव्हां कोठें धूर निवला. आत्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून सगळें पाहत होती. ती एवढेंच म्हणाली, "तुझ्या काकानं या गाडीतून कधी धूर काढला नव्हता."

किल्ली काढल्यावरही धूर कां थांबला नाहीं, हा या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. तो समजण्यासाठीं मोटारींतील विजेची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे.

मोटारींतील सर्व तारा एकत्र बांधून त्यांचा एक जाड जुडगा केलेला असतो. बॅटरीपासून निघून तो डॅशबोर्डाच्या मागें जातो, तेथून त्याला फांद्या फुटतात. एक पुढच्या दिव्यांकडे, एक इंजिनाकडे, एक पार मागच्या दिव्यांपर्यंत. आमचे मिस्त्री लोक त्याला नुसतें 'वायरिंग' म्हणतात. इंग्रजी नांव 'हार्नेस' असें आहे, आणि हार्नेस म्हणजे घोड्याचा साज. नांव मोठें समर्पक आहे. घोडा कितीही दांडगा असो, लगाम-पट्टे कुजले असले तर त्याचें बळ गाडीला लागत नाहीं. उलट तें बळच घातक होतें.

घरांतील दिव्याला दोन तारा लागतात. एक वीज आणणारी, दुसरी परत नेणारी. मोटारींत परत नेण्याचें काम गाडीचा पत्रा आणि सांगाडा करतात. त्यामुळें निम्म्या तारा वांचतात खऱ्या. परंतु त्यांत एक धोकाही येतो. प्रत्येक तार आपल्या सबंध वाटेंत लोखंडाला खेटून चाललेली असते, आणि तें लोखंड म्हणजे विजेचा परतीचा रस्ता. तारेवरचें वेष्टण एखाद्या ठिकाणीं जरी सोललें, तरी वीज दिव्यापर्यंत जाण्याचे कष्ट न घेतां तेथूनच माघारीं वळते. आणि ती थोडीथोडकी नव्हे. इंजिन सुरू करतांना हीच बॅटरी शेंकडों अँपिअरचा प्रवाह देत असते. बारीक तारेंतून तेवढा प्रवाह वाहूं लागला कीं तार तापून लाल होते आणि शेजारच्या तारांचीं वेष्टणें वितळवीत सुटते.

आतां माझ्या पराक्रमाचा हिशेब सांगतों. जुने दिवे ४५ वॅटचे होते. दोन दिव्यांचे ९० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर भागले कीं प्रवाह साडेसात अँपिअर. मीं बसविलेले दिवे १०० वॅटचे. दोघांचे २०० वॅट, म्हणजे प्रवाह जवळजवळ सतरा अँपिअर. भार सव्वादोनपट झाला. परंतु तारेंत किंवा सांध्यांत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ती सव्वादोनपट न होतां पांचपट झाली. दिव्यांच्या बटणाच्या मागें एक सांधा होता. पन्नास वर्षांच्या गंजानें व ढिलाईनें त्याचा अवरोध एक विसांश ओम झाला आहे असें धरूं. ही किती क्षुल्लक संख्या! पण सतरा अँपिअर त्यांतून गेले कीं त्या एका ठिकाणीं चौदा वॅटची उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे डाख देण्याची जी लहान इस्त्री असते, ती पंधरा वॅटची असली तरी तिच्यानें कथील वितळतें. म्हणजे मीं माझ्या डॅशबोर्डाच्या मागें, तारांच्या जुडग्याला टेकवून, अशी एक इस्त्री अर्धा तास तापत ठेवली होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही उष्णता शेजारच्या तपकिरी तारेला लागली. तिचें वेष्टण वितळून ती पत्र्याला टेकली, आणि पुढचें सारें रामायण घडलें. तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली तार. तिच्या वाटेंत किल्ली नाहीं, बटण नाहीं. म्हणून बटण बंद करून कांहीं झालें नाहीं. "पण फ्यूज कोठें होता?" असें आपण विचाराल. त्या तारेवर फ्यूज नव्हताच! अँबॅसॅडर ही इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली गाडी. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ती मे २०१४ पर्यंत निघत होती. त्या काळच्या इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत अवघे दोन फ्यूज असत. एक हॉर्न वगैरेंसाठीं, दुसरा किल्लीनंतरच्या किरकोळ उपकरणांसाठीं. समोरचे दिवे, इंजिनाची ठिणगी आणि मुख्य तार यांना मुळींच संरक्षण नसे. रात्रीं फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाऊं नयेत असा त्यामागचा विचार सांगतात. विचार अगदींच चुकीचा नव्हे. पण तो तारा नव्या असतांनाचा विचार.

हें दुखणें आपल्याच गाड्यांचें आहे असें मात्र समजूं नका. अमेरिकेंत १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून पुढें दहाएक वर्षें ज्या धिप्पाड इंजिनांच्या गाड्या निघाल्या, ज्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात, त्यांच्या हौशी मालकांनाही याच प्रश्नानें घेरलें आहे. डॉज चार्जर, प्लिमथ रोडरनर या त्यांतल्या नामांकित गाड्या. हीं घराणीं आपल्याला परकीं नाहींत. वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून डॉज-प्लिमथची जोडणी होत असे. त्या अमेरिकन गाड्यांत बॅटरी भरणारा सर्व प्रवाह इंजिनाकडून आंत डॅशबोर्डावरील अँपिअर-मापकापर्यंत येतो आणि त्यांतून परत बाहेर जातो. वाटेंत मधल्या पडद्यावर चपट्या पितळी जिभांचा एक सांधा असतो. जिभा ढिल्या झाल्या कीं तो तापतो, काळवंडतो, शेवटीं वितळतो. चारशें घोड्यांचें इंजिन अबाधित, आणि गाडी मात्र बोटभर पितळासाठीं रस्त्यावर उभी! जनरल मोटर्सच्या गाड्यांत एक शहाणपणाची युक्ति दिसते. तेथें बॅटरीजवळच मुख्य तारेंत तिच्याहून चार मापें बारीक अशा तारेचा एक तुकडा घातलेला असतो. संकट आलें तर तो तुकडा जळून तुटतो आणि बाकीचा जुडगा वांचतो.

अमेरिकन हौशी माणसाला आणखी एक सोय आहे. गाडीचें साल व नमुना कळविला कीं रंग, लांबी, टोंकें सर्व मूळबरहुकूम असलेला नवा जुडगा पेटींत बंद होऊन घरीं येतो. अँबॅसॅडरचेही तयार जुडगे बाजारांत मिळतात. मीं एक मागविलाही होता. परंतु तो कोणत्या तरी नंतरच्या गाडीचा निघाला. एक फांदी हातभर अपुरी, दुसरी विनाकारण लांब. हिंगणघाटच्या ज्या वृद्ध मिस्त्रींना मीं बोलावलें होतें, त्यांनीं त्यांतील एक तार नखानें सोलून आंतील तांब्याचे धागे मोजले आणि जुडगा शांतपणें पुन्हां पेटींत ठेवला. "यापेक्षा आपण आपलाच करू," ते म्हणाले.

मीं उत्साहानें पक्कड उचलली आणि जळकी तार कापूं लागलों. त्यांनीं माझा हात धरला. "काऊन कापता, भाऊ? कापली म्हंजे तिचा पत्ता गेला समजा."

पुढील अकरा दिवसांत मीं जें शिकलों त्याचें सार या एका वाक्यांत आहे. जुना जुडगा जळका असो, कुजका असो, गाडीच्या विजेचा खरा नकाशा तोच असतो. छापील आकृति मिळाली तर अवश्य जवळ ठेवावी. पण पन्नास वर्षांत गाडींत जे फेरफार झाले ते आकृतींत नसतात. म्हणून आधीं जुडगा वाचावयाचा, मग काढावयाचा, आणि नवा पुरा होऊन गाडी चालूं लागेपर्यंत टाकावयाचा नाहीं.

बॅटरी सोडवितांना पत्र्याला जोडलेलें टोंक प्रथम काढावें. दुसरें आधीं काढूं गेलें आणि पाना चुकून पत्र्याला लागला तर डोळ्यांदेखत वीज कोसळते. मग प्रत्येक टोंकाला पांढऱ्या कापडी पट्टीची चिठ्ठी बांधली. तिच्यावर तार कोठून आली व कोठें लागली होती तें लिहिलें. नुसत्या रंगावर विश्वासून चालत नाहीं, कारण तेलानें व उन्हानें सगळे रंग एकाच मातकट छटेला येतात. चिठ्ठ्या नव्वदांवर भरल्या. मोबाइलवर छायाचित्रें घेतलीं आणि शाळेच्या वहींत आकृत्याही काढल्या. मिस्त्रींचा छायाचित्रांपेक्षां वहीवर अधिक विश्वास होता, आणि तो बरोबर होता. छायाचित्रांत तार दुसऱ्या तारेमागें गेली कीं पुढें काय झालें तें दिसत नाहीं, आकृति काढणाऱ्याला मात्र तें शोधावेंच लागतें.

मागच्या दिव्यांकडे जाणारी फांदी गाडीच्या पोकळ भागांतून जाते. ती बाहेर ओढतांना तिच्या शेपटाला सुतळी बांधली. तार बाहेर आली तेव्हां सुतळी तिच्या जागीं जाऊन बसली, आणि पुढें त्याच सुतळीनें नवी फांदी आंत ओढून घेतली. पायजम्याची नाडी जुन्या नाडीला बांधून ओवणाऱ्या बायकांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं.

सबंध जुडगा बाहेर आला तेव्हां तो अंथरावयाचा कोठें हा प्रश्न पडला. मिस्त्रींची नजर वाड्यांत फिरली आणि माजघराच्या सागवानी दारावर थांबली. दार बिजागऱ्यांतून उचलून ओसरीवर आडवें टाकलें. त्यावर जुडगा गाडींत असतो तसा पसरला. प्रत्येक वळणाच्या व फांटा फुटण्याच्या जागीं एकेक खिळा ठोकला, पेन्सिलीनें रेघा मारल्या आणि टोंकांचीं नांवें दारावरच लिहिलीं. कारखान्यांतही जुडगे याच रीतीनें, खुंट्या ठोकलेल्या फळ्यांवर, बांधले जातात. मग जुना जुडगा उचलून बाजूला ठेवला आणि खिळ्यांच्या वाटेनें एकेक नवी तार घालूं लागलों. आत्या दिवसांतून चारदां येऊन दाराची अवस्था पाहून जाई. बोलली मात्र कांहीं नाहीं.

जुन्या जुडग्यावरची पट्टी उलगडतांना गाडीचा इतिहासच बाहेर पडला. कोठेंच न जाणारी एक तार निघाली; ती कधीं काळच्या पंख्याची असावी. उंदरांनीं कुरतडलेल्या जागा निघाल्या. कांहीं तारांचें वेष्टण हात लावतांच खडूसारखें तुटे. रबराचें आणि वर सुती जाळीचें वेष्टण ही जुनी पद्धत; दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा पीव्हीसीनें घेतली. रबर उष्णतेनें व हवेनें कडक होऊन भेगाळतें. पीव्हीसी अधिक टिकतें. पण त्याला मऊपणा आणणारें द्रव्य उन्हाळ्यामागून उन्हाळे उडून जातें आणि मग तेंही ठिसूळ होतें. पत्र्याच्या कोठ्यांत वैदर्भी मे महिना काढणाऱ्या गाडीच्या तारा वयापेक्षां लवकर म्हाताऱ्या होतात. मागच्या दिव्याच्या तारेवर एका सांध्याला इन्सुलेशन टेपच्या ऐवजीं डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळलेली सांपडली. वळसे अगदीं एकसारखे, जखमेला बांधल्यासारखे होते. मिस्त्रींनीं त्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "हा डॉक्टरसाहेबाचा हात."

तारेची जाडी ठरविण्याची जुनी इंग्रजी रीत मला फार आवडली. आंतील धागे मोजावयाचे. प्रत्येक धागा एक हजारांश इंचाच्या बारापट जाडीचा. असे १४ धागे असले तर छेद सुमारें १ चौरस मिलिमीटर, २८ असले तर २, आणि ४४ असले तर सव्वातीन. चौदा धाग्यांची तार बारीकसारीक दिव्यांना, अठ्ठावीसची समोरच्या दिव्यांच्या मुख्य फांदीला, चव्वेचाळीसची बॅटरीकडून येणाऱ्या वाटेला. बाजारांत आतां चौरस मिलिमीटरांचें मापच चालतें. नियम एकच पाळावा: जुन्या तारेहून बारीक तार कोठेंही घालूं नये, आणि लांब वाटेला एक माप चढतें घ्यावें. कारण तार बारीक असली तर ती तापते इतकेंच नव्हे, दिव्याला पोंचणारा विद्युद्दाबही घटतो. दाब दहा टक्क्यांनीं उतरला तर उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं उतरतो. पुष्कळांना वाटतें कीं दिवे मंद आहेत, मोठे दिवे घालूं. खरें पाहतां दिवे ठीक असतात. त्यांना वीज पोंचत नसते. मीं नेमकी हीच चूक केली होती.

रंगांचीही एक भाषा आहे. इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत तपकिरी म्हणजे सदैव जिवंत. पांढरी म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे किल्लीच्याही पुढें, फ्यूजमधून आलेली. निळ्या तारा समोरच्या दिव्यांच्या. निळीवर पांढरी रेघ असली तर लांबचा झोत, तांबडी असली तर खालचा. तांबडी तार लहान व मागच्या दिव्यांची. हिरवीवर तांबडी रेघ हा डावा इशारा, हिरवीवर पांढरी हा उजवा, हिरवीवर जांभळी हा ब्रेकचा दिवा. आणि काळी ती पत्र्याला जाणारी. एकदां हें कळलें कीं जुडगा पोथीसारखा वाचतां येतो. म्हणूनच "तार कोणतीही घाला, वीज जाते ना?" या मताचा मी शत्रु झालों आहें. एकाच तांबड्या तारेच्या भेंडोळ्यांतून बांधलेली गाडी आज चालेल; पण वीस वर्षांनीं तिच्याखालीं निजणाऱ्या मिस्त्रीनें काय करावें? पद्मिनी गाडीला मात्र ही भाषा लागू नाहीं. ती जातीची फियाट, तिचे रंग निराळे.

सांधे कसे करावे यावर आमच्यांत थोडा वाद झाला. मीं पुस्तकी मत मांडलें, कीं टोंकावर पितळी टोपण चढवून योग्य चिमट्यानें घट्ट दाबावें. डाख दिला तर कथील धाग्यांत वर चढतें, तेथें तार काठीसारखी ताठर होते, आणि ताठरपणा जेथें संपतो तेथें हादऱ्यांनीं ती तुटते. मिस्त्रींचा चाळीस वर्षांचा अनुभव डाखाच्या बाजूचा. अखेर तडजोड झाली: टोपण दाबून बसवावें, ज्या मोजक्या ठिकाणीं डाख द्यावा लागेल तेथें पुढची चार बोटें तार बांधून स्थिर करावी. डाखासाठीं राळच वापरावी याबद्दल मात्र दोघांचें एकमत होतें. पत्र्याच्या कामाचें तेजाब वापरलें तर सांधा दिसतो चकचकीत, आणि आंतून वर्षभरांत हिरवा होऊन खलास होतो.

जुना जुडगा जसाच्या तसा पुन्हां उभारला असता तर जुना दोषही परत आला असता. म्हणून येथें आम्हीं मूळ रचनेंत दोन फेरफार केले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य तारेंत ३० अँपिअरचा फ्यूज बसविला. इंजिन फिरविणारी जाड तार तेवढी त्यांतून वगळली, कारण तिचा प्रवाह कोणताही साधा फ्यूज सोसणार नाहीं. लोक समजतात कीं फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं असतो. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो; म्हणून तो तारेच्या उगमापाशीं असावा आणि तिला सोसेल त्याहून कमी मापाचा असावा. दुसरा फेरफार म्हणजे समोरच्या दिव्यांसाठीं रिले. बटणानें फक्त हुकूम सोडावयाचा, पाव अँपिअरहूनही कमी प्रवाहाचा. तो हुकूम ऐकून रिले बॅटरीकडची जाड वाट दिव्यांना मोकळी करून देतो. पन्नास वर्षांच्या बटणावरचा भार त्यामुळें नाहींसाच झाला. दोन दिव्यांना प्रत्येकी १० अँपिअरचा वेगळा फ्यूज दिला. एक गेला तरी दुसरा जळत राहतो. माझे शंभर वॅटचे दिवे मिस्त्रींनीं मला परत दिले, ६० वॅटचे बसविले, आणि त्यांचा उजेड पूर्वीपेक्षां जास्त पडला!

बांधणीसाठीं चिकट टेप आम्हीं वापरली नाहीं. आमच्याकडच्या उन्हांत तिचा गोंद पाघळतो व पट्टी सुटते. सुती पट्टी प्रत्येक वळशाला अर्धी झांकत जाईल अशी गुंडाळली, आणि फांट्यांवर मेण लावलेल्या दोऱ्याच्या गांठी मारल्या. जेथें जुडगा पत्र्याच्या भोंकांतून जातो तेथें रबराची नवी कडी बसविली. पैसा-दोन पैशांची म्हणून ही कडी पुष्कळ जण गाळतात. मग पत्र्याची धार हादऱ्या-हादऱ्यानें वेष्टण कापीत राहते.

अकराव्या दिवशीं संध्याकाळीं जुडगा गाडींत बसला. मी बॅटरी जोडण्यास अधीर झालों होतों. मिस्त्रींनीं खिशांतून मागच्या दिव्याचा २१ वॅटचा एक जुना बल्ब काढला आणि बॅटरी व गाडी यांच्या मध्यें जोडला. युक्ति सोपी आहे. सर्व बटणें बंद असतां प्रवाह वाहण्याचें कारण नाहीं, म्हणून बल्ब अंधाराच राहिला पाहिजे. कोठें तार पत्र्याला लागली असेल तर बल्ब पूर्ण तेजानें पेटेल. आणि त्याच्यातून पावणेदोन अँपिअरांहून अधिक प्रवाह जाऊंच शकत नसल्यामुळें जळणार मात्र कांहीं नाहीं.

बल्ब लखकन् पेटला.

माझ्या पोटांत गोळा उठला. अकरा दिवसांचें काम, आणि आतां हें सर्व पुन्हां उसवावयाचें! मिस्त्री शांत होते. त्यांनीं फ्यूज एकेक करून काढले, बल्ब पेटलेलाच. म्हणजे दोष फ्यूजांच्या आधींच्या तारेंत, त्या तपकिरी तारेंतच होता. मग ते डॅशबोर्डाखालीं निजले आणि जुडगा जेथें जेथें पट्टीनें पत्र्याला आंवळला होता तेथील स्क्रू क्रमानें ढिले करूं लागले. तिसरा स्क्रू सैल होतांच बल्ब विझला. तो स्क्रू मीं बसविला होता. मूळचा अर्ध्या इंचाचा हरवला म्हणून मीं पाऊण इंचाचा घातला, आणि त्याचें टोंक सुती पट्टींतून पार तारेंत शिरलें होतें. तो बल्ब नसता तर मुख्य फ्यूज तरी उडाला असता. आणि फ्यूजही नसता तर काय झालें असतें, तें आत्याला व मला पाठ होतें.

तार बदलून, आंखूड स्क्रू लावून पुन्हां बल्ब जोडला. अंधार. मग बल्ब काढून बॅटरी थेट जोडली आणि एकेक फ्यूज घालून एकेक उपकरण तपासलें. मागचा उजवा दिवा मिणमिणत होता. त्याच्या पायाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला तेव्हां तो नीट पेटला. नवा रंग दिलेल्या गाड्यांत हा प्रकार हमखास आढळतो. रंगाच्या थरानें परतीची वाटच बुजलेली असते, आणि दोष मात्र तारेला दिला जातो.

त्या रात्रीं जेवणानंतर आत्याला मागच्या गादीवर बसवून जामपर्यंत जाऊन आलों. परततांना, जेथें धूर निघाला होता तेथें तिनें गाडी थांबवावयास सांगितली, कांच खालीं केली, थोडा वेळ वास घेतला, आणि "चल" म्हणाली.

दार पुन्हां माजघराच्या चौकटींत बसविलें आहे. खिळे काढले, पेन्सिलीच्या रेघा पुसावयास निघालों तेव्हां आत्यानें पुसूं दिल्या नाहींत. घरीं कोणी आलें कीं दार ओढून घेऊन ती दाखविते, हा गाडीचा डावा डोळा, हा उजवा, आणि येथें हॉर्न.